लाल खिसा आणि नऊ गळाभेटी

हजला न जाता माणसाच्या गळ्यात हजचे हार कसे पडतात, ते मला विचारा. बावड्यात दुसऱ्या कुणाला विचारलंत, तर तो चार गोष्टी पदरच्या घालून सांगेल. माझी फजिती मीच सांगितलेली बरी, निदान शिवण तरी सरळ येईल. तुम्ही चहा घ्या, मला सांगायला वेळ लागतो.

मी मौला टेलर. गाव मौलाचाचा म्हणतं. बाजारपेठेत माझं छोटं दुकान आहे. शाळेत मी कधी गेलो नाही. आकडे टेपवरनं शिकलो आणि अक्षरं गिऱ्हाइकांच्या नावांवरनं. त्यामुळं ‘दगडू’ आणि ‘ज्ञानू’ मला झटकन वाचता येतं, पण पेपर घेऊन बसलो तर पहिल्याच पानावर दुपार सरते.

तोरा म्हणाल तर एकाच गोष्टीचा. माझं वय आता सत्तरीच्या पुढं गेलं, पण एका कापडासाठी माणसाला दोनदा माप द्यायला मी कधी बोलावलं नाही. हे माझ्यापेक्षा दगडूतात्याच जास्त सांगतो. तात्या माझ्या बरोबरीचा, लहानपणापासूनचा दोस्त. नवा पाहुणा आला की त्याला दुकानात आणून म्हणणार, “ह्यो आमचा मौला. एकदा टेप लावला की माणूस त्याच्या डोक्यात बसला.”

आता त्या डोक्याला काय झालं, ते ऐका.

माझी सून रेश्मा बारामतीची, शिकलेली. दुकानात तिनं कॉम्प्युटर आणला. वर्षभर मी त्याच्याकडं पाठ करून शिवत होतो. पण जुन्या मापाच्या वह्या वाळवीनं खाल्ल्या आणि मला बोलायला जागा राहिली नाही. मग मी माप घ्यायचं, आकडा मोठ्यानं सांगायचा आणि तिनं तो मशिनीत घालायचा, असं सुरू झालं.

मला वाचायला वेळ लागतो हे बघून तिनं एक सोय करून दिली. स्क्रीनच्या तळाला एक काळी पट्टी असते बघा, सदऱ्याच्या खालच्या दुमडीसारखी. त्या पट्टीवर तिनं रंगीत फोल्डर लावून दिले. मी त्यांना खिसे म्हणतो. हिरव्या खिशात बावड्याची मापं, निळ्यात नरसिंहपूरची, लालमध्ये लग्नाची. वाचायची भानगड नाही. रंग बघायचा, एकदा दाबायचं, माप समोर. खरं सांगतो, मला ते फार आवडलं. इतकं आवडलं की चहाच्या हॉटेलात बसून मी चार जणांना सांगितलं, आता कॉम्प्युटर मीच चालवतो.

तर त्या वेळी लाल खिशात होती तात्याच्या भावकीतली नऊ मापं. तात्याच्या धाकट्या पोराचं लग्न ठरलं होतं आणि नऊ जणांनी एकसारखी मोरपंखी जाकिटं घालायची असं घरात ठरलं होतं. लग्नाला बारा दिवस राहिले होते. एवढ्यात रेश्माच्या वडिलांचं डोळ्याचं ऑपरेशन निघालं आणि तिला चार दिवस बारामतीला जावं लागलं. ती यायच्या आत मी नऊही कापडं बेतून ठेवायची आणि आल्यावर तिनं शिवायला घ्यायची, असं आमचं ठरलं.

एसटीला जाताना ती पायरीवर थांबून म्हणाली, “अब्बा, फक्त लाल दाबायचं. बाकी कशाला हात लावू नका.”

मी म्हणालो, “अगं, जा तू. मी काय लहान हाय?”

दुसऱ्या दिवशी सकाळी मोरपंखी कापड टेबलावर पसरलं, खडू घेतला आणि लाल दाबायला गेलो. आता माझी बोटं कात्रीची. जन्मभर दोन बोटं एकदम आवळायची सवय. त्या माऊसचं भलतंच बटण दाबलं गेलं आणि खिसा उघडायच्या ऐवजी त्याच्यावर एक छोटी यादी उभी राहिली. इंग्रजीत. आणि त्या यादीत एका ओळीच्या पुढं बारीक टाचणीचं चित्र.

तुम्हाला त्यात काही वाटलं नसतं. मी शिंपी आहे. कापडात टाचणी राहिली आणि गिऱ्हाइकाला टोचली, याच्याइतकी नामुष्की आमच्या धंद्यात नाही. टाचणी दिसली की हात आपोआप जातो. रेश्मा गडबडीत काढायची विसरली असेल, असं मला वाटलं. दाबली.

लाल खिसा गेला.

हिरवा होता, निळा होता. दोघं सरकून एकमेकांना चिकटले, मधी कुणी नव्हतंच अशासारखे. मी चष्मा पुसला. मशीन बंद करून चालू केली. पट्टीवर लालचा धागासुद्धा नाही. नऊ माणसांची मापं मी एका बोटानं जाळली होती.

तुम्ही म्हणाल, सुनेला फोन करायचा. बरोबर आहे. पण ‘मी काय लहान हाय’ म्हणून पुरता एक दिवस झाला नव्हता. आणि तिथं तिचे वडील डोळ्याला पट्टी बांधून पडलेले, त्यात माझं रडगाणं कुठं सांगायचं? मग नऊ जणांना परत बोलवायचं? तात्या पाहुण्यांना काय सांगेल? मौला म्हातारा झाला. दुसरं काय?

मग मला माझे उस्ताद आठवले. त्यांची एक युक्ती होती. टेप जवळ नसला तर ते माणसाला मिठी मारायचे. दोन्ही हात त्याच्या पाठीमागं न्यायचे. आपली बोटं आपल्याच मनगटाला लागली तर छाती छत्तीस. बोटं बोटांना लागली तर चाळीस. लागलीच नाहीत, तर मधली जागा अंदाजानं धरायची. खांदे थोपटले की खांद्याचं माप. तो माणूस आपल्या हनुवटीला लागतो की कानाला, त्यावरनं उंची. जाकिटाला आणखी काय लागतं? कुणाला बोलवायला नको आणि टेपही काढायला नको.

पहिला तात्याच सापडला. हॉटेलच्या बाकड्यावर थंडीचा कुडकुडत बसला होता. मी त्याला उठवला आणि मिठी मारली. मोजायचं असल्यामुळं ती जरा लांबली. दोन्ही खांदे थोपटले. मग आकडा विसरायच्या आत पाठ फिरवून डाव्या तळहातावर पेनानं लिहून घेतला आणि तोंडातल्या तोंडात दोनदा घोकला.

तात्या हळूच म्हणाला, “मौला, बरं हाय नव्हं?”

म्हणालो, “बरं हाय. सहज मनात आलं.”

तिथनं तात्याच्या धाकट्या भावाला उसाच्या फडात गाठलं. हातातला कोयता खाली ठेवायला लावला आणि मिठी मारली. पुतण्याला सोसायटीच्या दारात मारली. तो तरणा गडी, लाजला. चुलत भाऊ मात्र खमका निघाला. त्यानं मिठीतनंच विचारलं की चाचा, हे कशापायी? चोराच्या मनात जे असतं तेच तोंडातनं निघालं. म्हणालो, “काही चुकलं असंल तर माफ करा.”

खोटं नव्हतंच ते. मापं मी घालवलेली. पण वाक्य असं काही जमून गेलं की पुढच्या पाच जणांना मी तेच म्हणालो. दोन दिवसांत नऊ माणसं पुरी झाली, रात्री हातावरचे आकडे मी एका चिठ्ठीवर उतरवून घेतले. संध्याकाळी रेश्माचा फोन यायचा, “अब्बा, बेतलं का?” मी म्हणायचो, चालू हाय.

आता एक सांगायला हवं. आमच्यात माणूस हजला निघायचा असला की आधी गावभर फिरतो. एकेकाच्या गळ्यात पडतो आणि बोललंचाललं माफ करून घेतो. मोकळ्या मनानं जायचं असतं. हे सगळ्या गावाला माहीत आहे, हिंदू-मुसलमान सगळ्यांना. आता मी काय केलं होतं ते बघा. म्हातारा माणूस, एकेकाला गाठून लांब मिठी मारतो. माफी मागतो. मग बाजूला होऊन हात उघडा धरून त्याच्याकडं बघत ओठ हलवतो.

पेन कुणाला दिसलं नव्हतं. सगळ्यांना दुवा दिसली.

तिसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडतो तोवर समोरच्या नवनाथ टेलरनं रस्ता ओलांडला. बारा वर्षांत आमचं बोलणं नव्हतं. का नव्हतं, ते दोघांनाही नीट आठवत नसावं. तो आला, मला मिठी मारली आणि डोळ्यांत पाणी आणून म्हणाला, “चाचा, जायच्या आधी सांगतो. तुमची कॉलर मी चोरली. गिऱ्हाइकाचा सदरा उसवून बघितला अन् तशीच शिवाय लागलो. माफ करा.”

“कुठं जायच्या आधी?” मी विचारलं.

तो म्हणाला की चाचा, तुमी सांगणार न्हाय, ठावं हाय, पुण्याचं काम असं वाजतगाजत करत न्हाईत. आणि गेला. जाताना मला कळलं, त्याची छाती अडतीस आहे.

मग रांगच लागली. हजला अजून कितीतरी महिने होते. पण हिशेब कोण बघतो? आमच्या आळीतल्यांनी धरून चाललं, हज नाही तर उमरा असेल, म्हणजे मक्केची छोटी यात्रा, ती कधीही करता येते. तात्याच्या बायकोनं खजूर आणायला सांगितले आणि कुणी तिथल्या जमजम विहिरीच्या पवित्र पाण्यासाठी बाटली ठेवून गेलं. दुपारपर्यंत मी तिघांना तरी म्हणालो की मी कुठंही चाललो नाही. ते एकमेकांकडं बघून माना हलवत होते, माणूस किती नम्र म्हणून. आणि चाललो नाही, तर मिठ्या कशासाठी मारल्या? ते सांगायचं तर टाचणीपासून सांगावं लागणार. मी गप्प बसलो. इथं माझं खरं चुकलं.

चौथ्या दिवशी तात्यानं दुकानापुढं दहा खुर्च्या मांडल्या. शाल आणली, नारळ आणला, हार आणले. मला मधल्या खुर्चीत बसवलं आणि उभा राहून बोलायला लागला. त्याला बोलायची सवय नाही. म्हणाला, हा माणूस जन्मभर गावाला झाकत आला. आता ह्याची इच्छा पुरी होतीया. एवढं बोलून त्यानं बाहीनं डोळे पुसले.

मी मान खाली घातली. माझ्या तळहातावर अजून पुसट दिसत होतं, ‘दगडू ४२’.

आणि समोर एसटीतनं रेश्मा उतरली. हातात पिशवी. तिनं खुर्च्या बघितल्या, हार बघितले, शालीतला मी बघितला. जवळ येऊन हळू आवाजात म्हणाली, “अब्बा, हजला निघालात आणि घरात सांगितलं नाही?”

सुनेसमोर आणि ओल्या डोळ्यांच्या तात्यासमोर ते पुढं रेटणं माझ्यानं होईना. “लाल खिसा गेला,” मी म्हणालो. मग टाचणीपासून सगळं सांगितलं. हळूहळू सांगितलं, कारण मला दुसरं येत नाही.

रेश्मा आत गेली. मशीन चालू केली, कुठंतरी दोन ठिकाणी दाबलं आणि मला बोलावलं. स्क्रीनवर नऊ नावं. पुढं नऊ मापं. एक आकडा हललेला नव्हता.

“पट्टीवरनं निघालं म्हणजे आतलं गेलं व्हय, अब्बा? खुंटी काढली म्हणून सदरा जातो का? सदरा कपाटातच असतो.”

मी तळहात पुढं केला. म्हटलं, निदान माझं काम तरी बघ. तिनं उरलेले आकडे माझ्या चिठ्ठीवरनं लावून बघितले. आठ जणांची मापं अर्ध्या इंचात बरोबर. जरा बरं वाटलं. तात्याचं मात्र तिच्याकडं चाळीस आणि माझ्या हातावर बेचाळीस. मी लगेच म्हणालो, बघ, तुझी मशीन चुकली. या हातांनी जन्मभर छात्या मोजल्यात.

ती म्हणाली, “अब्बा, माप दिलं तेव्हा तात्या सदऱ्यावर होते. तुम्ही मिठी मारली तेव्हा अंगात काय होतं?”

थंडी. हॉटेलचं बाकडं. दोन स्वेटर, एकावर एक.

बाहेर आलो. तात्या उभाच होता. म्हणाला, “म्हंजे मला मिठी मारली ती छाती मोजाय?”

“व्हय.”

“अन् बाकीच्यांची माफी मागितली ती जाकिटापायी?”

“व्हय, तात्या.”

मी शाल काढून घडी घातली आणि त्याच्यापुढं धरली. त्यानं ती घेतली, उलगडली आणि परत माझ्या खांद्यावर टाकली. “ठिव. जाशील तवा पांघर. अन् तवा परत मिठ्या मारीत हिंडू नगो. माफी हितंच झाली, आगाऊ.”

मग कोण आधी हसलं ते आठवत नाही. नवनाथ असावा. त्यानं कॉलरची कबुली परत घेतली नाही, हा त्याचा मोठेपणा. आता तो रोज चहाला येतो.

लग्नात नऊ मोरपंखी जाकिटं झकास बसली. तात्याचं चाळीसचं होतं. लाल खिसा रेश्मानं परत पट्टीवर लावून दिला आणि माऊसच्या त्या बटणावर कापडाची चिकटपट्टी मारली. अजून आहे. शाल कपाटात आहे. बघू, वरच्याच्या मनात असेल तर.

पण माझं एक कायमचं नुकसान झालं. परवा ईदची नमाज झाली. मी नवा सदरा घालून, अत्तर लावून, एकेकाला ईद मुबारक करायला हात पसरून पुढं झालो. पहिलाच माणूस समोर आला, त्यानं श्वास आत ओढला, ताठ उभा राहिला आणि म्हणाला, “अडतीस हाय, चाचा. सोडा आता.”