धुराचा पाइप आणि सोलमाझच्या हातचा चहा

आमच्या ह्यांना निम्मं तब्रीझ शहर उस्ता इबाद म्हणून ओळखतं; उस्ता म्हणजे आमच्याकडे मिस्त्री. घराघरांत खोल्या उबदार ठेवणारे बॉयलर बसवण्यात तीस वर्षं गेली आणि एक खोड कायमची जडली: ज्या घरात बॉयलरचा धुराचा पाइप धड नाही, त्या घरचा चहा घ्यायचा नाही. घशाला कोरड पडली तरी नाही. मोहल्ल्यातल्या बायका एकमेकींना विचारतात, "उस्ता चहा न घेता गेले? मग आधी बॉयलर बंद कर बाई!"

पण खोडीला काही वेळकाळ? गेल्या हिवाळ्यात आम्ही जलील आगांकडे त्यांची मुलगी मागायला गेलो. आमचा आराज दोन वर्षं सोलमाझच्या नावाने झुरत होता. अशा दिवशी चहा मुलगीच आणते, आणि मुलाच्या बापाने पेला उचलला नाही, तर त्याचा अर्थ शेंबडं पोरही सांगेल.

सोलमाझ तबक घेऊन आली. मी पेला घेतला, आराजनेही घेतला. हे मात्र उघड्या दारातून स्वयंपाकघरातल्या बॉयलरकडे टक लावून बसलेले. मी कोपराने ढोसलं. "अहो, घ्या ना!" हे ढिम्म.

जलील आगांच्या भुवया चढल्या. "उस्ता, आमच्या मुलीत काही उणं दिसलं का?"

आराजचा चेहरा पांढराफटक पडला. ह्यांच्या डोक्यात साखरदाणी घालावी असं मला मनापासून वाटलं.

"उणं मुलीत नाही, पाइपात आहे," हे म्हणाले. "सांडपाण्याचा प्लास्टिकचा पाइप बॉयलरला लावलाय तुम्ही."

"नवाकोरा आहे! माझ्या मेहुण्याने बसवलाय."

"नवा असला म्हणून काय झालं? तुमच्या बॉयलरचा धूर कढत असतो. प्लास्टिक मऊ पडतं, सांधा सुटतो आणि विषारी वायू घरात शिरतो. त्याला ना रंग, ना वास. बॉयलरच्या पुस्तिकेत सांगितलाय तोच धातूचा पाइप लागतो, सांधे पक्के बसवलेला."

"मुलगी बघायला आलात की झडती घ्यायला?" जलील आगा उसळले. झालं, जमत आलेलं लग्न मोडलं, मी मनात म्हटलं.

तेवढ्यात सोलमाझने तबक खाली ठेवलं. "बाबा, थंडी सुरू झाल्यापासून आईचं डोकं रोज सकाळी का दुखतं?"

"आणि बाजारात गेले की थांबतं," तिची आई हळूच म्हणाली.

मग जलील आगा उठले, स्वतःच्या हाताने त्यांनी बॉयलर बंद केला आणि सगळ्या खिडक्या सताड उघडल्या. बाहेर बर्फ भुरभुरत होता. आम्ही कोट चढवून, लाल नाकांनी पुन्हा गोल बसलो. मला ह्यांचा इतका अभिमान वाटला म्हणून सांगू! पण बोलले नाही, डोक्यावर बसले असते.

"उस्ता, उद्या तेवढा पाइप बदलून द्या," जलील आगा खाली मानेने म्हणाले. "मग निवांत लग्नाच्या तारखेचं बोलू."

"पाइप उद्या बदला, बाबा," दात वाजत असतानाच सोलमाझ म्हणाली, "तारीख आजच ठरवा."