मालाडची काचबोरं

संगे, मी सेलू सोडलं तेव्हा गाव सुटलं म्हणून रडले, असं तू अजून सगळ्यांना सांगतेस. साफ खोटं आहे ते. ट्रॅव्हल्सच्या गाडीत मी खिडकीशी बसले होते, प्रवीण बॅगा वर कोंबत होता, लग्नाची मेंदी हातावर अजून ताजी होती. खाली आई, बाबा आणि तू. बाबा ड्रायव्हरला उगाचच सूचना देत होते. आणि तू, माझी सख्खी धाकटी बहीण, आईच्या दंडाला दोन्ही हातांनी लटकली होतीस. गाडी हलली तरी सोडला नाहीस. मी चालले आणि ही बया आता आईबरोबर घरी जाणार, दोघी ओट्यावर बसून चहा पिणार, एवढंच माझ्या डोक्यात आलं आणि मला हुंदका फुटला. आई खालून ओरडत होती, "पोचल्यावर फोन कर गं बाई!" मी तिच्याकडे बघतच नव्हते. तुझ्याकडे बघत होते. कानफटात मारावीशी वाटत होती तुझ्या.

तेव्हापासून मी तुझ्यावर जळते. आता चाळिशी आली, लाज कसली! सांगून टाकते. हे तुझ्यासाठी लिहितेय, आणि माझ्यासारख्या ज्या गाव सोडून इकडे आल्या त्यांच्यासाठीही, म्हणून तुला माहीत असलेलंही पुन्हा सांगावं लागेल. नाक मुरडू नकोस.

काचबोरं हा शब्द सेलूतसुद्धा दुसऱ्या कुणाच्या घरी नव्हता. आपल्याच घरी होता. आईच्या माहेरी होळीच्या दिवसांत साखरेच्या गाठ्या करायचे, त्यामुळे पाक तिच्या हातात बसलेला. थंडीत बोरं आली की ती निवडून, धुऊन, धोतराच्या जुन्या फडक्यावर वाळवायची. खराट्याच्या नव्या काड्या खोवायची. मग साखरेचा कडक पाक, एका वाटीत बिटाचा रंग, एकीत हळदीची चिमूट, एकीत काहीच नाही. बोर बुडवायचं, गर्रकन फिरवायचं, तुपाचा हात लावलेल्या ताटात ठेवायचं. दोन मिनिटांत काच. लाल, पिवळी, पांढरी. दाताखाली कडकन फुटायची आणि आत आंबटगोड बोर. द्राक्षांना आणि संत्र्याच्या फोडींनाही ती हाच मान द्यायची. पाक झाला की नाही, हे बघायला पाण्यात थेंब टाकायची आणि आपल्याला म्हणायची, "वाजला का? वाजला तर उतरवा, नाही तर गप बसा." तो थेंब उचलून वाटीच्या काठावर आपटायचं काम तुझं. कायम तुझंच. माझं काम बोरं पुसायचं. बघ, तेव्हापासूनचं आहे हे.

मालाडला आमचं पहिलं घर खाडीच्या अंगाला होतं. खिडकी उघडली की ओला, खारट वास आत यायचा. कपडे वाळले की नाही ते कळायचंच नाही. पापड तळून ताटात वाढेपर्यंत मऊ. मीठ डबीत गोळा होऊन बसायचं, बिस्किटांना पाझर फुटायचा. सेलूच्या कोरड्या उन्हात वाढलेल्या मुलीला हे कुणी शिकवलंच नव्हतं. मला वाटायचं, माझंच काहीतरी चुकतंय.

पहिल्यांदा काचबोरं केली ती माझी सानिका लहान असताना. लॅबमधल्या माझ्या रिसेप्शनच्या नोकरीवर हाफ डे टाकला, स्टेशनबाहेरून बोरं आणली. पाक अगदी वाजला, बरं का. रंगही झकास. ताटात ठेवली आणि प्रवीण येईपर्यंत छान राहावीत म्हणून डबा फ्रीजमध्ये सरकवला. संध्याकाळी उघडला तर वाट लागली होती. सगळी बोरं एकमेकांना चिकटून रडत होती, खाली गुलाबी चिखल. तुला फोन केला तर तू पाच मिनिटं नुसती हसलीस. "फ्रीज? अगं, पाकाची वस्तू कुणी फ्रीजमध्ये ठेवतं का? येडी का तू?" आणि मागून आईचं हसू. दोघींचं एकत्र. मी फोन कट केला आणि नेटवर्क गेलं म्हणून सांगितलं.

नंतर फ्रीजमध्ये ठेवणं बंद केलं, तरी तेच. कधी पाक साखरायचा, कधी काच व्हायची पण तासाभरात चिकट. सानिका दाताला चिकटलेला पाक नखाने काढत म्हणायची, "मम्मा, मावशीची कडक होतात ना? आपलीच का चिकटतात?" आपल्या पोटची पोर असं बोलली की काय होतं माहितीय तुला?

बाबा गेल्यावर तू आणि भाऊजी आईजवळ राहायला आलात. सगळ्यांनी तुझं कौतुक केलं, मीही केलं. तोंडाने. मनात म्हणत होते, झालं, आता आई पूर्ण हिची झाली. दर थंडीत घरच्या ग्रुपवर तुझा फोटो. उन्हात धरलेली काडी, त्यावर लालभडक बोर, आरपार दिसतंय. खाली आईचा अंगठा. आता तर फोनवर सगळीकडे स्ट्रॉबेरी आणि द्राक्षं काड्यांना टोचून असंच करतात, मोठमोठ्याने चावून आवाज ऐकवतात. आमच्या सोसायटीतल्या पोरींना वाटतं, परदेशातून आलंय काहीतरी. मी सांगितलं की हे माझी आई करायची, तर म्हणाल्या, "वॉव काकी, मग करून दाखवा ना!" काय दाखवणार, डोंबल?

गेल्या वर्षी आम्ही स्टेशनजवळच्या नव्या घरात आलो. वन बीएचके. पहिल्या दिवशी मी काय ठरवलं असेल तर हॉलमध्ये आईचा दिवाण कुठे लागणार ते. प्रवीणही बिचारा म्हणाला, "आणू या त्यांना कायमचं." आई म्हणाली, "सानूच्या वाढदिवसाला येते. महिनाभर बघते राहून. करमलं तर राहीन." बस्स. माझ्या कानात फक्त "राहीन" राहिलं. तिला करमलंच पाहिजे, असा विडा उचलला मी. तिच्यासाठी ज्वारी शोधली, पाठीला उशी आणली, सकाळी बागेत फिरायला जाणाऱ्या मराठी बायकांची ओळख करून दिली. आणि वाढदिवसाला काचबोरं आईच्याच हातची करायची ठरवली. एकदा तिच्या हातून या ओट्यावर पाक वाजला की ती इथली झाली, असं माझं गणित.

आणि आदल्या दिवशी करून बघितली, तर आईची बोरं चिकटली.

तू तिचा चेहरा बघायला हवा होतास. पाक वाजला होता, मी कानाने ऐकला. पण कुकरची वाफ, बाहेरची हवा, बंद खिडक्या... ताटातली काच बघता बघता ओली झाली. आईने एक बोर उचललं, बोटाला चिकटलं. बोटाकडे बघत म्हणाली, "माझा हात गेला की काय गं?" मी म्हटलं, "अगं, हवा दमट आहे इथली." तिने ऐकलंच नाही. पदराला हात पुसले आणि म्हणाली, "संगीला लाव फोन."

बघ ना! माझ्या घरात, माझ्या गॅससमोर, मी हातात झारा घेऊन उभी, आणि हिला संगी पाहिजे. लावला व्हिडिओ कॉल. तुम्ही दोघी बोलत होतात, लिंबू किती पिळलं, फळं कोरडी होती का, आच कशी होती. फोन मी धरला होता. स्टँड असतो ना मोबाइलचा, तो मी. मध्ये मी काही सांगायला गेले तर आई म्हणाली, "थांब जरा, हिला बोलू दे." खरंच सांगते संगे, तेवढ्यापुरता तुझा फोन तळ्यात पडावा असं वाटलं.

पण उपाय तूच सांगितलास, हेही खरं. "एसी आहे ना तुमच्याकडे? मग बेडरूममध्ये करा की." पटलं, आणि तुझं पटलं म्हणून आणखी राग आला.

वाढदिवसाला आम्ही बेडरूममध्ये इंडक्शनची शेगडी मांडली. एसी फुल्ल, दार बंद, खाली वर्तमानपत्रं. आई शाल गुंडाळून पलंगावर मांडी घालून बसली, पुढ्यात तीन पातेली. सानिका आणि तिच्या मैत्रिणी स्वेटर घालून काड्यांना द्राक्षं, बोरं, स्ट्रॉबेरी टोचत होत्या. आईने थेंब पाण्यात टाकला, उचलून माझ्या हातात दिला. मी वाटीवर आपटला. वाजला! आई म्हणाली, "उतरव." मग काय विचारता! लाल, हिरवी, केशरी काच. पोरी कडाकडा फोडत होत्या आणि एकमेकींच्या कानाशी नेऊन आवाज ऐकवत होत्या. दाराबाहेर नेली की पंधरा मिनिटांत चिकटत होती, म्हणून सगळ्यांनी तिथेच पलंगावर बसून संपवली. आई इतकी हसत होती. मला वाटलं, जिंकले. तुला फोटो पाठवला. खाली आईचा अंगठा येईल असाच काढला होता.

रात्रीची भांडी आवरताना मी विचारलं, "मग, राहणार ना?"

आई म्हणाली, "नाही गं बाई. जाते मी. पुढच्या आठवड्याचं तिकीट काढ."

मी भडकलेच. "संगीशिवाय करमत नाही, असंच ना? सांग की सरळ! कायम तीच. मी मेले का?"

"संगीचं काय मधीच?" आई चकित झाली. मग ओट्याला टेकून म्हणाली, "तुझं घर लई छान आहे. जावई देवमाणूस. पण हितं मला साखर पाहिजे तर विचारावं लागतं. चहाची भुकटी कुठंय, विचारावं लागतं. तिकडं संगी मला विचारती. ती माझ्याकडं राहती. हितं मी तुझ्याकडं राहणार. म्हातारपणी पाहुणी म्हणून किती दिवस बसू?"

मी म्हटलं, "विचारू नको ना मग, घे!" ती म्हणाली, "घेतली तरी तुझ्याच डब्यातली."

इतकी वर्षं मी तुझ्यावर फुकट जळले, हे तेव्हा कळलं. फुकट म्हणजे अगदीच फुकट नाही, तू आहेसच तशी. पण आईला माझ्याकडून ओढणारी तू नव्हतीस. तिचा तो ओटा होता, जिथे तिला कुणाला काही विचारावं लागत नाही.

माझं स्वयंपाकघर तुला माहितीय. सगळे डबे पारदर्शक, एका मापाचे, चिठ्ठ्या लावलेले, प्रवीणने एक चमचा हलवला तरी मी घर डोक्यावर घेते. सेलू सुटल्यावर माझं असं एवढंच होतं गं. नोकरीतले साहेब बदलले, घरं बदलली, शेजारी बदलले. डबे माझे होते. दुसऱ्या दिवशी ऑफिसला निघताना मी आईला म्हटलं, "हे सगळं तुझं. तुला पाहिजे तसं लाव." ती म्हणाली, "मागनं बोलशील." मी म्हटलं, "बोलेन. तरी लाव." आणि लिफ्टमध्ये अक्षरशः रडले.

संध्याकाळी आले तर माझं स्वयंपाकघर गेलं होतं. मिक्सर माळ्यावर. झारे-उलथनी स्टीलच्या तांब्यात उभी. चिठ्ठ्या खरवडून काढलेल्या. पारदर्शक डबे रिकामे करून एकात एक बसवलेले, आणि पितळेचे, ॲल्युमिनियमचे, कुठून आणले देव जाणे, रांगेत उभे. बागेतल्या मैत्रिणींना घेऊन बाजारात गेली होती म्हणे. जीभ दाताखाली धरली मी. तिकिटाचा विषय तिनेही काढला नाही, मीही नाही.

आता होळी होऊन गेली. परवा तुझा फोन आला आणि तू विचारलंस, "किती दिवस ठेवून घेणारेस गं तिला? तुझं आपलं बरंय." तो आवाज मी ओळखला. माझाच आहे तो, इतकी वर्षं मीच वापरलाय. आणि मला बरं वाटलं, संगे. फार बरं वाटलं. थोडा वेळ. मग वाटलं, तू एकटी त्या ओट्यापाशी उभी असशील.

घर कुठलं, असं इथे कुणी विचारलं की मी आजवर सेलू सांगायचे आणि पत्ता मालाडचा द्यायचे. दोन्हीकडे अर्धी. सेलूला आले की तुझ्या हाताखाली पाहुणी, इथे सगळ्याची एकटी मालकीण. मालकिणीला कुणी रागवत नाही, आणि तेच मला कमी पडत होतं, हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं.

काल रविवार. सानिकाने पुन्हा काचबोरांचा हट्ट धरला. बोरं संपली, द्राक्षांवर भागवायचं ठरलं. आई एसी लावून पलंगावर शाल घेऊन तयार. मी स्वयंपाकघरात गेले, एक डबा उघडला, डाळ. दुसरा उघडला, पोहे. तिसऱ्यात रवा. खाली वाकले, वर चढले, छे. शेवटी ओरडले, "आई, साखर कुठंय?"

आतून आवाज आला, "डोळ्यासमोर आहे तुझ्या! नीट बघ, आंधळी का तू?"

नव्हती गं डोळ्यासमोर. मी तरी कितीतरी वेळ तिथेच शोधत उभी राहिले. तू ये इकडे, संगे. तुलाही सापडणार नाही.