फाइल कुठं हाय?

‘करण्यात आले’ हे दोन शब्द ज्याने कुणी शोधून काढले त्याला एकदा बघायचं आहे मला. रस्ता दुरुस्त करण्यात आला. दखल घेण्यात आली. चौकशी करण्यात आली. केली कुणी? कपाळ! माणूस म्हणून कुठे दिसत नाही. कर्जतच्या कोर्टात माझे वडील वकिली करायचे, त्यांच्या कागदांत हे शब्द ढेकणांसारखे पसरलेले असायचे. पुढे शाळेत मी मराठी शिकवायला लागले, तेव्हा मुलांच्या वहीत ते दिसले की लाल पेनाने रेघ मारायचे. आणि माझं स्वतःचं जे एकुलतं एक पुस्तक आहे, त्याच्या अगदी मोक्याच्या पानावर तेच दोन शब्द आहेत. ते मीच लिहिले आहेत. ते तिथे कसे आले, एवढंच सांगते.

अरबीचा नाद मला वडिलांच्या कागदांनीच लावला. अर्ज, तक्रार, वारस, मयत, मजकूर, इसम. ‘सदर इसम’ म्हणजे पंचनाम्यातला कुणीतरी अनोळखी बाप्या, असं मी लहानपणी समजायचे. अरबीत इसम म्हणजे चक्क ‘नाव’. आपल्याकडे येऊन बिचारा बिननावाचा झाला. हे कळलं तेव्हा मला इतकी गंमत वाटली की पन्नाशीच्या तोंडावर मी अरबी व्याकरण आणि जुनी अरबी कविता यांवर पीएचडीला नाव घातलं. आमच्या आळीतल्या बायका म्हणाल्या, "आता दुबईला जायचंय की काय गं तुला?" हसल्या, पण तोंडावर हसल्या. पुढे मुंबईत ज्या विद्वानांशी गाठ पडली, त्यांच्यापेक्षा या बायका शतपटीने बऱ्या.

त्या विद्वानांचे मेरुमणी म्हणजे माझे मार्गदर्शक. मी त्यांना ‘सर’ म्हणायचे, अजूनही तेच तोंडात येतं, जिभेला वळण लागलंय. अरबी लिहिताना ऱ्हस्व स्वर लिहीत नाहीत. नुसती व्यंजनं असतात, स्वर कुठला ते व्याकरणावरून ओळखून आपण वाचायचं. म्हणजे ज्याला व्याकरण येत नाही त्याला मोठ्याने वाचता येत नाही, इतका साधा हिशेब. सरांनी इतक्या वर्षांत माझ्यासमोर एक ओळ मोठ्याने वाचली नाही. "तुम्ही वाचा मॅडम, तुमचा सराव होईल." आणि मी येडी, मला वाटायचं, काय हा संयम! मी चुकीचं वाचलं तरी सर मान डोलवायचे, बरोबर वाचलं तरी डोलवायचे. त्यांच्या लेखांची नावं मात्र हातभर लांब असत, आणि प्रत्येक लेखाच्या शेवटी ‘या विषयावर अधिक संशोधनाची गरज आहे’ हे असायचंच. गरज होती हे खरं.

अरबी मी शिकले खालापूरला. आमच्या शाळेतल्या एका बाईंनी पत्ता दिला. रसायनीच्या एका केमिकल कंपनीत टाइमकीपर म्हणून जन्म काढलेले एक म्हातारे गृहस्थ. तरुणपणी मदरशात आठ वर्षं व्याकरण घोटलेलं. मग घरची ओढाताण, आणि कंपनीच्या गेटवर नोकरी. येणाऱ्याजाणाऱ्याचं नाव लिहायचं, वेळ लिहायची, आणि दोन पाळ्यांच्या मधे मनातल्या मनात कवितेच्या ओळी सोडवायच्या. मी त्यांना चाचा म्हणायचे, ते मला बाय म्हणायचे. दर रविवारी कर्जतहून खोपोली, तिथून शेअर रिक्षा, असं सहा वर्षं केलं.

पहिल्या दिवशी त्यांनी एक वाक्य लिहून माझ्यापुढे सरकवलं आणि विचारलं, "यातली कामं सांग. फाइल कुठं हाय?"

मी म्हटलं, "आणलीय ना," आणि पिशवीत शोधायला लागले. डबा बाहेर काढला, छत्री बाहेर काढली.

चाचा इतके हसले की आतून चाची बघायला आल्या. "पिशवीत नसतो तो, बाय," ते म्हणाले. अरबी व्याकरणात फाइल म्हणजे कर्ता. काम करणारा. "आदी करनारा शोधायचा. मंग काम. मंग ज्येच्यावर काम झालं तो. अर्थ लय पुढं हाय, अर्थाची घाई नाय."

आणि खरंच घाई नसायची. एका ओळीत आठ शब्द असले तर आठांच्या शेवटी कुठला स्वर आणि तो का, हे सांगितल्याशिवाय पुढे जायचं नाही. वरचा स्वर तो जबर, म्हणजे अकार, तो कर्माला लागतो; खालचा तो जेर, आणि कर्त्याच्या माथ्यावर बसतो तो पेश, म्हणजे उकार. महिन्याभरात मी अक्षरशः जेरीस आले. चाचांना ते सांगितलं तर म्हणाले, "जेरीस आलीस म्हंजे शिकतेस."

एक प्रकार त्यांनी मला फार जपून शिकवला. कधी कधी वाक्यात फाइल सांगायचाच नसतो. ठाऊक नसतो, किंवा सांगणाऱ्याला भीती वाटते, किंवा लाज. तेव्हा क्रियापदाचे स्वर बदलतात. त्याला मजहूल म्हणतात, म्हणजे अज्ञात. मग ज्याच्यावर काम झालं तोच कर्त्याच्या खुर्चीत येऊन बसतो आणि पेशसुद्धा पटकावतो. त्याचं नाव नायब फाइल. "आपल्या तहसीलला नायब असतो ना, तसा," चाचा म्हणाले. "सायेब नसला की खुर्ची त्येची." मी सांगितलं की आमच्या मराठीत याला ‘करण्यात आले’ म्हणतात आणि मी त्यावर लाल रेघ मारते. ते त्यांना फार आवडलं. "मार, मार," म्हणाले.

आता ती ओळ. एका जुन्या कवितेत तळ हलवल्याचं वर्णन आहे. सगळ्या टीकाकारांनी ती अशी वाचली: ‘तंबू उखडला गेला.’ आणि शेवटी एक शब्द उरतो, ‘म्हातारा’. तो एकटाच लोंबकळतो, म्हणून मंडळींनी पदरचं घालून ‘म्हातारा मागे राहिला’ असा अर्थ लावला. सरांनी तर त्या मागे राहिलेल्या म्हाताऱ्यावर पंचवीस पानं लिहिली होती. एकाकीपण काय, काळाचा ओघ काय, डोळ्यांत पाणी यायचं वाचताना.

चाचांनी ओळ दोनदा म्हटली, मांडीवर ताल धरून. मग म्हणाले, "मजहूल कशाला गं वाचतात हे? जबर देऊन बघ." मी क्रियापदाचे दोन स्वर बदलले, तंबूवरचा पेश काढून जबर दिला आणि वाचलं. व्यंजनं तीच, वृत्त तेच, एक मात्रा हलली नाही. तंबू कर्म झाला. आणि शेवटी लोंबकळणारा म्हातारा, त्याच्या माथ्यावर यमकासाठी पेश आधीपासूनच होता, तो झाला फाइल. ‘तंबू म्हाताऱ्यानेच उखडला.’ पदरचं काही घालायला नको. कुणी मागेबिगे राहिलं नव्हतं. त्याने स्वतःच्या हाताने आपलं घर उपटलं आणि तो निघाला. मी ती ओळ पुन्हा वाचली, मोठ्याने. चाचा मात्र चहा बशीत ओतत होते. "गेटवर बसून सोडवलेली हाय ती," म्हणाले. "लय वर्सं झाली. सांगनार कुनाला?"

मी म्हटलं, "मी सांगते. माझ्या प्रबंधात घालते, तुमच्या नावानं."

त्यांनी बशी खाली ठेवली. मग म्हणाले, "जल्मभर दुसऱ्यांची नावं लिवली गं. आपलं छापलेलं कुठं नाय बघितलं. घाल. चाचीला दाखवीन." आणि लाजले. सत्तरी उलटलेला माणूस लाजतो तेव्हा त्याच्याकडे बघवत नाही. मी शब्द दिला.

सरांना प्रकरण दाखवलं तेव्हा ते जरा वेळ पान उलटसुलट करत राहिले. त्यांची पंचवीस पानं या एका जबरने पाण्यात गेली होती, एवढं त्यांना कळलं. तेवढं अरबी होतं. मग म्हणाले, "वाचन उत्तम आहे. पण हे नाव कोण? कुठल्या विद्यापीठाचे?" मी सांगितलं. "टाइमकीपर?" सर हसले, अगदी मंद, विद्वान हसतात तसं. "मॅडम, बाहेरचे परीक्षक हे वाचतील. संदर्भ म्हणून कंपनीचं गेट देणार का आपण? ऋणनिर्देशात टाका ना, ‘खालापूर परिसरातील एका इसमाचे साहाय्य झाले.’ आणि इथे साधं लिहा: नवा पाठ निश्चित करण्यात आला."

मी भांडायला हवं होतं. शाळेत मुख्याध्यापकांशी भांडलेली बाई मी, गॅसवाल्याशी भांडलेली. पण तिथे मला प्रबंध परत येईल याची भीती वाटली. सहा वर्षं, ते रविवार, ती आळीतली चेष्टा, आणि नावामागे डॉक्टर लागण्याची हाव. हो, हावच. घरी येऊन मी ते वाक्य लिहिलं. ज्या हाताने लाल रेघा मारायचे त्याच हाताने.

पदवी मिळाली. पुस्तक निघालं, आणि त्याचं प्रकाशन सरांच्या चर्चासत्रात ठेवलं, कळंबजवळच्या एका रिसॉर्टवर. आता अरबी व्याकरणाचा आणि रिसॉर्टचा संबंध काय? तर शनिवार-रविवार होता आणि पोहण्याचा तलाव होता. प्रत्येक विद्वानाच्या मनगटाला जेवणाचा निळा कागदी पट्टा. ‘अरबी काव्यातील तहान’ या निबंधाच्या वेळी अर्धं सभागृह तलावात होतं. उरलेले एकमेकांच्या निबंधांना ‘अत्यंत मौलिक’ म्हणत होते आणि घड्याळात बघत होते. एकाने तर गेल्या वर्षीचाच निबंध वाचला. ते कुणाच्या लक्षात आलं नाही, कारण गेल्या वर्षीही कुणी ऐकला नव्हता.

चाचांना मीच बोलावलं होतं. तेव्हा मला बरं वाटलं असणार, की एवढं तरी केलं. खालापूरहून तीन वाहनं बदलून ते आले, इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून, आणि अगदी मागच्या खुर्चीवर बसले. सर बोलायला उभे राहिले. मागे पडद्यावर ती ओळ, प्रत्येक स्वर नीट घातलेली, माझ्याच हस्ताक्षरातून उतरवलेली. "आमच्या विभागात या ओळीचा संपूर्ण नवा पाठ निश्चित करण्यात आला आहे," सर म्हणाले. आणि जन्मात पहिल्यांदा त्यांनी मोठ्याने वाचलं. स्वर समोर लिहिलेले असूनही जुन्या सवयीने तंबूवर पेश दिला.

"सायेब, तिथं जबर हाय," मागून आवाज आला. उद्धट नव्हता. गेटवर एखाद्याला ‘पास दाखवा’ म्हणतात तसा.

सगळ्यांनी माना वळवल्या. सर हसले आणि म्हणाले, "प्रश्नोत्तरं शेवटी घेऊ." मी पहिल्या रांगेत होते, मांडीवर गुच्छ. मी मान वळवली नाही.

जेवायच्या वेळी चाचांच्या मनगटाला पट्टा नव्हता. दारातल्या पोऱ्याने विचारलं, कुणाबरोबर आलात? त्यांनी माझ्याकडे हात केला. "मॅडमचे ड्रायव्हर का? ड्रायव्हरचं जेवण मागच्या शेडात आहे, काका." मी चार पावलांवर होते. शब्दन्‌शब्द ऐकला. माझ्याकडे गाडीसुद्धा नाही! पण सर तेव्हा मला कुणा कुलगुरूंची ओळख करून देत होते, आणि मी मूग गिळून कुलगुरूंना नमस्कार केला. चाचा शेडाकडे गेले. मी नंतर शोधायला गेले तोवर निघून गेले होते.

सरांना, त्या निळ्या पट्टेवाल्यांना मी इतका वेळ नावं ठेवतेय. सोपं आहे ते. त्यांच्यातल्या एकालाही चाचा कोण ते माहीत नव्हतं. माहीत होतं फक्त मला. त्या दिवशी तिथे सगळ्यांत हलकट कोण होतं, ते सांगायला विद्वान लागत नाही.

पुढच्या रविवारी पुस्तक घेऊन खालापूरला गेले. चाचांनी रिसॉर्टचा विषय काढला नाही. चाची हात पुसत येऊन शेजारी बसल्या, नाव छापून आलंय असं चाचांनी त्यांना सांगून ठेवलं असावं. चाचांनी चष्मा लावला, एकेक पान उलटत ओळीपर्यंत आले. तिच्याखालचं मराठी वाक्य बोट ठेवून वाचलं. पुन्हा वाचलं. चाचींनी विचारलं, "कुठं हाय? दाकवा की." त्यांनी चष्मा काढून पानावर ठेवला.

मग मला म्हणाले, "मजहूल. बरोबर बांधलंयस. चूक नाय कुठं."

मी खाली बघत होते.

"पन फाइल कुठं हाय, गं?"

उत्तर मला पहिल्या वर्षापासून येत होतं. मी पिशवी पुढे ओढली आणि आत हात घालून शोधायला लागले. डबा बाहेर काढला, छत्री बाहेर काढली.

"पिशवीत नसतो तो, बाय," चाचा म्हणाले. या वेळी हसले नाहीत.