साहेबांच्या गाडीचा रंग दादानं निवडला

माझ्या थोरल्या भावाला गाडीतळावरचे सगळे ड्रायव्हर मखमल म्हणतात. अंगावरून नाही, अंगानं तो खराटा आहे. ब्रेकवरून. तो गाडी थांबवतो ते मागच्या सीटवरच्या माणसाला कळतच नाही. खिडकीतली झाडं पळायची थांबली की समजायचं, पोचलो. त्याचे साहेब चालत्या गाडीत गरम चहा पितात, वरून पांढरा शर्ट घालून पितात.

एवढ्या तयार हाताचा माणूस, पण भांडणाच्या बाबतीत नुसता शंख. मी ड्रायव्हर लोकांची संघटना चालवते. माझं नाव निघालं की भल्याभल्या मालकांना ठसका लागतो, आणि माझा सख्खा भाऊ संघटनेची वर्गणी देताना इकडंतिकडं बघतो, कुणी ओळखीचं तर नाही ना. मला पुढारीणबाई म्हणतो. मालकाशी कसं बोलावं हे सांगायला गेलं की म्हणतो, तू आधी भाजीवाल्याशी हळू बोलायला शीक, मग मला शिकव.

त्याच्या साहेबांचा नळांचा कारखाना आहे. अर्धं शहर त्यांच्या नळाखाली हात धुतं. माणूस वाईट नाही, हे मी सुद्धा कबूल करते, आणि मी मालकांच्या बाबतीत सहसा काही कबूल करत नाही. या साहेबांना दादाला विचारल्याशिवाय पान हलवता येत नाही. बुटाला कुठलं पॉलिश, दातांचा कुठला डॉक्टर, मुलीला सांगून आलेला मुलगा बरा की नाटकी, सगळं दादाला. मागच्या सीटवरचा माणूस पुढच्याच्या मानेशी बोलतो, आणि तोंडापुढं जे बोलवत नाही ते मानेपुढं बोलवतं.

तर साहेबांनी एक दिवस मानेला सांगितलं की नवी गाडी घ्यायची. लांबच्या प्रवासाची, उंची, आयुष्यात एकदाच घेतात तसली. रंग, काचा, छप्पर सगळं आपल्या मनासारखं करून मिळतं म्हणे. तू चल बरोबर, तूच निवड, मला त्यातलं काय कळतंय.

त्या संध्याकाळी दादा माझ्याकडं आला तो जमिनीला पाय न लावता. वहिनीला त्यानं आधीच सांगून झालं होतं की राणीसारखी गाडी येणार, तुला एकदा लांबून दाखवीन. मी म्हटलं, गाडी साहेबाची, पैसा साहेबाचा, छाती तुझी का फुगलीय? तर म्हणाला, चालवणार कोण? मी त्याच्यापुढं चहा ठेवला. काही वेळा माणसाला फुगू द्यावं लागतं, नाहीतर चहा गोड लागत नाही.

शनिवारी दादा कडक इस्त्रीचा शर्ट घालून गेला. पुढचं त्यानं मला तुकड्यातुकड्यानं सांगितलं, आणि मधले तुकडे वहिनीनं त्याच्याकडून काढले. तिला ते जमतं, पोलिसांना जमणार नाही.

शोरूमची फरशी अशी की खाली बघितलं तर स्वतःची हनुवटी दिसते. मधोमध गाडी उभी. दादानं तिला प्रदक्षिणा घातली. लांबलचक बॉनेट, बसकी पाठ, दारं दोनच. दुसरी दोन कुठं गेली म्हणून तो पलीकडं जाऊन बघून आला. मग वाकून आत बघितलं. मागं दोन सीट होत्या, पण नावाला. तिथं एखादी पिशवी बसली असती, नाहीतर रुसलेलं पोर. आमचे साहेब चांगले भरलेले आहेत. त्यांना तिथं बसवायचं तर आधी घडी घालावी लागली असती.

दादाला वाटलं, साहेबांचं लक्ष नाही. त्यांना सांगायला वळला, तर साहेब पुढच्या सीटवर. स्टिअरिंगच्या मागं. तिथली मुलगी, घट्ट अंबाडा आणि मऊ आवाज, सांगत होती की ही गाडी स्वतः चालवण्याची हौस असलेल्यांसाठीच आहे. साहेब स्टिअरिंगवरून हळूहळू तळवा फिरवत होते. दादा मला म्हणाला, इतकी वर्षं मी त्या माणसाला आरशात बघतोय, पण असा चेहरा आरशात कधी आला नव्हता.

तेव्हा त्याच्या डोक्यात प्रकाश पडला. साहेब पुढं बसले की दादा कुठं? रस्त्यावर. त्याच्या पोरीच्या नर्सिंगचं शेवटचं वर्ष चालू, घराचं भाडं वाढलेलं, आणि पन्नाशीच्या ड्रायव्हरला नवीन ठिकाणी कोण ठेवतो ते मला विचारा, मी रोज तेच ऐकते. आणि त्याच गाडीचा रंग आता त्यानंच निवडायचा होता. म्हणजे बकऱ्यानंच सुरीला धार लावून द्यायची.

मी असते तर त्या चकचकीत फरशीवर फतकल मारून बसले असते. दादा दादा आहे. त्यानं तोंड मिटलं आणि मनातल्या मनात डाव रचला. गाडी अशी बिघडवायची, अशी बिघडवायची की साहेबांना महिन्याभरात तिचा वीट आला पाहिजे. मग ती राहील झाकून, आणि आपली जुनी गाडी निघेल बाहेर.

निवडायची खोली वेगळी होती. भिंतभर छोटे छोटे पत्रे टांगलेले, हातात मावतील असे, प्रत्येकाला गाडीच्या अंगासारखा फुगवटा आणि वेगवेगळा रंग. टेबलावर काचांचे तुकडे, एकापेक्षा एक काळपट. समोर मोठा पडदा. आपण निवडू तशी गाडी पडद्यावर कपडे बदलते आणि गोल फिरते.

दादानं पिवळा उचलला. चकाकी नसलेला, खडूसारखा पिवळा. मुलीनं प्रामाणिकपणे सांगितलं की याला पॉलिश चालत नाही, मशीनमध्ये धुणं चालत नाही, पाखरानं घाण केली की लगेच मऊ कापडानं टिपावी लागते. दादा म्हणाला, हाच. साहेबांनी पत्रा जवळ धरला, लांब धरला, आणि म्हणाले, तू म्हणतोस तर चांगलाच असणार.

मग काचा. दादानं टेबलावरचा सगळ्यांत काळा तुकडा मागच्या काचांसाठी निवडला. साहेबांना संध्याकाळचं कमी दिसतं हे त्याच्याइतकं त्यांच्या बायकोलाही ठाऊक नाही. साहेब हो म्हणाले. मग छप्पर. तीन प्रकार होते: कापडाचं दुमडणारं, पत्र्याचं, आणि पूर्ण काचेचं. साहेबांच्या डोक्यावर केस नाहीत. दादानं काचेचं सांगितलं. उन्हात पापड भाजून निघेल, असं मनात म्हणाला. साहेब म्हणाले, वा, रात्री तारे दिसतील.

दादा मला म्हणाला, तिथं पहिल्यांदा मला कसंतरी झालं. मी फसवतोय आणि हा माणूस तारे बघतोय.

मुलीनं बटण दाबलं. पडद्यावर गाडी आली. कावीळ झाल्यासारखी पिवळी, मागून आंधळी, डोक्यावर बरणीचं झाकण. हळूहळू फिरायला लागली. फिरताना तिची ती सुंदर पाठ दिसली, बॉनेटची ती सरळ रेघ, आणि सगळ्यावर तो खडू. मुलीनं विचारलं, असंच नक्की करायचं? साहेबांनी पेन काढलं.

आणि दादाच्या तोंडून निघून गेलं, "थांबा."

वहिनी इथं कपाळावर हात मारते. ती म्हणते, बाकीच्यांच्या नवऱ्यांना दारू सोडवत नाही, माझ्याला चांगली गाडी वाईट दिसलेली सोसवत नाही. एवढा रचलेला डाव, फक्त तोंड मिटून उभं राहायचं होतं, आणि मखमलला ते जमलं नाही. आयुष्यभर ज्यानं दुसऱ्याची गाडी स्वतःच्या शर्टाच्या बाहीनं पुसली, त्याच्या हातून असं पाप होतंय कशाला.

त्यानं पिवळा पत्रा जागेवर टांगला आणि सगळी भिंत नव्यानं बघितली. एक हिरवा काढला, इतका गडद की खोलीत काळाच वाटत होता. तो घेऊन सरळ दाराबाहेर गेला. मुलगी मागं, साहेब मुलीच्या मागं. उन्हात धरल्यावर तो हिरवा उघडला, दाट झाडीत आत आत बघावं तसा. दादा म्हणाला, गाडी खोलीत नाही चालवायची, रस्त्यावर चालवायचीय, रंग रस्त्यावर बघायचा. काचा त्यानं बदलल्या, मागं फक्त ऊन मरेल एवढीच काळी. छप्पर पत्र्याचं, गाडीच्याच रंगाचं. मुलगी म्हणाली, वरचा भाग वेगळ्या रंगात हल्ली खूप जण घेतात. दादा म्हणाला, मग ती टोपी घातल्यासारखी दिसते, आणि ही काही शाळेत चाललेली नाही. लांबच्या रस्त्याला वर कापड फडफडतं, काच तापते. पत्रा गप्प राहतो.

पडद्यावर हिरवी गाडी फिरली. साहेबांनी पुन्हा पेन काढलं.

आता मी माझ्या भावाचं कौतुक करणार आहे, आणि हे मी वर्षातून एकदाच करते, म्हणून नीट ऐका. डाव मोडला होता, हात रिकामे होते, बुडाखालची सीट निघून चालली होती. अशा वेळी शंभरातली नव्व्याण्णव माणसं मान खाली घालतात आणि घरी जाऊन बायकोवर ओरडतात. दादानं साहेबांकडं बघितलं. मान नाही, तोंड त्यांच्याकडं करून.

"साहेब, ही गाडी चालवणार कोण?"

साहेब म्हणाले, मी. पोरासारखे लाजून म्हणाले.

"आणि मी?"

साहेबांनी याचा विचारच केला नव्हता. त्यांना दुष्टपणा करायचा होता असं नाही. ज्याच्या पायाखाली जमीन कधी सरकलेली नाही त्याला दुसऱ्याची सरकलेली दिसत नाही, एवढंच. त्यांनी घाईघाईनं सांगितलं की अरे वेड्या, तुझा पगार कुठं जातोय, जुनी गाडी आहेच, बाईसाहेबांना बाजारात ने, आण.

इथं भलेभले सुटकेचा श्वास टाकतात आणि हात जोडतात. वहिनीनं टाकला असता. मी सुद्धा संघटनेच्या माणसाला सांगितलं असतं, घे आणि नीघ.

दादा म्हणाला, "पगाराचं विचारलं नाही साहेब. किल्लीचं विचारलं."

साहेबांनी पेन खाली ठेवलं. मुलगी काचांचे तुकडे पुसायला लागली, स्वच्छच होते ते. साहेब हळू आवाजात म्हणाले की अरे, साठी आली, आयुष्यभर मागंच बसलो, एकदा पुढं बसावंसं वाटलं. ते खोटं नव्हतं. दादाला ते ऐकून राग येईना, हीच तर त्याची पंचाईत. मग त्यानं विचारलं, शेवटची कधी चालवली होती? साहेब छताकडं बघायला लागले. लग्नाआधी, मेव्हण्याची, तीही एका कुंपणात जाऊन थांबली होती.

दादानं मागणी मांडली. साहेबांना शिकवणार तो. तो पास म्हणेपर्यंत साहेबांना एकट्यानं गाडी मिळणार नाही, किल्ली त्याच्याच खिशात. आणि पास झाल्यावर सुद्धा लांबच्या रस्त्याला दोघांनी जायचं, अर्धा रस्ता साहेब, अर्धा मखमल. मी रात्ररात्र जागून मागणीपत्रकं लिहिते, इतकं सरळ मला एकदाही लिहिता आलेलं नाही. साहेबांनी थोडी घासाघीस केली, अर्ध्याऐवजी तीन चतुर्थांश मागून बघितलं. दादा हलला नाही. शेवटी साहेब मुलीला म्हणाले, हे पण त्या ऑर्डरमध्ये लिहून टाका. ती म्हणाली, आमच्याकडं रंग, काच आणि छप्पर एवढंच लिहायला जागा आहे. तरी तिनं खाली बारीक अक्षरात लिहिलं म्हणे. दादा शपथ घेऊन सांगतो, वहिनीचा विश्वास नाही.

गाडी यायला बरेच महिने लागले. आता रविवारी सकाळी कारखान्यामागच्या मोकळ्या रस्त्यावर शिकवणी असते. एकदा मी बघायला गेले होते. हिरवी गाडी आली, दोन सायकलवाले तिला मागं टाकून गेले, एकानं तर सहानुभूतीनं बघितलं. आत साहेब घामाघूम, आणि शेजारी माझा भाऊ, ज्यानं मालकापुढं कधी जोरात शिंकही दिली नाही, तो सांगत होता की पाय काढा, पाय, ब्रेक म्हणजे झुरळ नाही चिरडायला. साहेब हो हो म्हणत होते. सोमवार ते शनिवार गाडी दादा चालवतो आणि साहेब शेजारी बसून बघतात, अभ्यास म्हणून.

परवा घरी आला तेव्हा मी विचारलंच, पास कधी करणार त्यांना? पोराबाळांच्या परीक्षा होऊन निकाल लागले, यांचं काय?

दादा म्हणाला, सरळ रस्त्याला बरे आहेत, पण वळणं अजून कच्ची आहेत. मग कप विसळून पालथा घातला आणि निघाला, कारण खाली गाडी उन्हात उभी होती.