पात्याखालचा हात

बाइंडिंगच्या कारखान्यात मिस्त्रीचा शब्द कुणी खाली पडू द्यायचं नाही. कागद कापायच्या मशीनला दोन बटणं होती. दोन्ही हातांनी दोन्ही दाबली तरच पातं खाली यायचं, म्हणजे हात पात्याखाली राहायचा प्रश्नच नाही. पण त्यात वेळ फार मोडतो म्हणून मिस्त्रीनं एक बटण तारेनं आवळून कायमचं दाबून टाकलं. काम सपासप उरकायला लागलं आणि मालकाची कळी खुलली.

मग एका दुपारी त्या मशीनवर लांब्याची चार बोटं गेली. लांब्या मिस्त्रीचा लंगोटीयार, चर्चमध्ये त्याच्याच बाकावर बसणारा. चौकशीचे साहेब यायच्या आत मिस्त्रीनं तार काढली आणि पवित्र शास्त्रावर, म्हणजे बायबलवर, हात ठेवून सांगितलं की मशीन धडधाकट आहे, गडीच वेंधळा. लांब्याचं काम गेलं. साहेबांची पाठ वळली आणि आठवड्याभरात तार पुन्हा जागेवर बसली.

लांब्यानं बाक बदलला. मिस्त्री मात्र चर्चमध्ये रविवारचा शास्त्रपाठ वाचतच राहिला. आपणच खणलेल्या खड्ड्यात दुष्ट पडतो, ते स्तोत्र आलं की आवाज अंमळ चढवायचा, जसं काही मागच्या बाकावरच्या कुणाला ऐकवतोय.

अकरा वर्षांनी त्याच मशीनवर त्यानं आपल्या लेकीला कामाला चिकटवलं. तार तिला मशीनचाच भाग वाटली. तिचा उजवा हात मनगटापासून गेला.

दवाखान्यात डोळे उघडल्यावर ती म्हणाली, "बाबा, माझंच लक्ष नव्हतं. साहेबांना तसंच सांगते. तुमच्या नावाला बट्टा नको."

मालकानंही हेच सुचवलं होतं. मिस्त्रीनं नुसती मान हलवली असती तरी भागलं असतं.

"तार मी बांधली, बाळ."

तिनं विचारलं, "लांब्याकाकांच्या वेळी पण होती?"

"होती."

"त्यांना मी थोटाकाका म्हणायचे. तुम्ही कधी गप्प नाही केलंत मला."

तिनं भिंतीकडं तोंड केलं.

चौकशीत त्यानं दोन्ही वेळचं खरं सांगून टाकलं. नोकरी गेली, शास्त्रपाठही गेला. ही बातमी कानावर आली तसा लांब्या रोज दवाखान्यात यायला लागला. पहिल्या दिवशी मिस्त्री त्याच्या पायाशी वाकला, तर तो बाजूला सरकून म्हणाला, "वाटेत बसू नको. पोरगी खोळंबली असेल."

तेव्हापासून मिस्त्री बाहेरच्या बाकड्यावर बसतो. आत लांब्या तिला शिकवतो, डबा गुडघ्यांत धरून झाकण कसं फिरवायचं ते. एकदा झाकण निसटून घरंगळत पार खाटेखाली गेलं आणि लेक हसली. किती दिवसांनी हसली. मिस्त्री उठून दारापर्यंत गेला.

हसणं थांबलं.

तो माघारी येऊन बाकड्यावर बसला.