कर्ण्यातून येणारा श्वास

…हां, तर श्वासापर्यंत आलो होतो आपण. आमची मेहुणी बोलायच्या आधी श्वास घ्यायची आणि तो कर्ण्यातून सगळ्या धक्क्यावर ऐकू यायचा. नदी तिथे एवढी रुंद, की पलीकडचा काठ म्हणजे नुसती ऐकीव गोष्ट. सकाळी धुकं उतरलं की पाणी कुठे संपतं नि आभाळ कुठे सुरू होतं, काही कळायचं नाही. बाकांवर माणसं पेंगत असायची. मग वरून हळूच 'हऽऽ' असं यायचं, झोपेत कुणी कूस बदलावी तसं, आणि अख्खा धक्का पिशव्या उचलून उभा राहायचा. बोटीचं नाव त्यानंतर.

बोटींच्या सूचना देणं हेच तिचं काम. जिन्यावरची काडेपेटीएवढी खोली, तिन्ही बाजूंना काचा, एक खुर्ची, एक माइक आणि एक पत्र्याची डबी. डबीत ज्येष्ठमधाच्या काड्या. आधीच्या बाईंनी निवृत्त होताना खोलीच्या किल्लीबरोबर ती डबी हिच्या हातात ठेवली होती. "नदीची हवा गळा खाते गं. काडी गालात असू दे." तेव्हापासून काडी गालात. बोलायची वेळ आली की डाव्या गालातून उजव्या गालात जायची, एवढंच. लोक म्हणायचे, बाईंचा आवाज मधात बुडवून काढलाय. बुडवलेलाच होता की तो!

मग तिला बीपी निघालं. डॉक्टरांनी एक गोळी दिली, दुसरी जोडली, मग लघवीवाटे पाणी काढणारी तिसरी. दाब जागचा हलेना. पाहुणा म्हणून आला आणि घरजावई होऊन बसला. मीठ तोडलं, मूत्रपिंडं तपासली, सोनोग्राफी झाली. रक्तात पोटॅशियम कमी यायचं, त्याचं खापर तिसऱ्या गोळीवर फुटायचं. पाय सुजायचे, पोटऱ्यांत गोळे यायचे.

"भावोजी, माझ्या कानात एक बोट सुरू असते," ती म्हणायची. "धडधड, धडधड. सुटत मात्र नाही."

"मग तिची सूचना दे, सुटेल."

ती हसली, पण जिन्याचा कठडा धरून.

डॉक्टरांना वाटायचं, ही गोळ्या चुकवते. "चुकवते कसली? ताई समोर उभी राहते नि जीभ वर करून दाखवायला लावते!" ताई म्हणजे आमची ही. पोलिसात जायची, चुकून माझ्या घरात आली.

शेवटी डॉक्टरांनी तिचं काम थांबवलं. "असल्या दाबानं एक दिवस माइकवरच कोसळाल. तो उतरल्याशिवाय जिना चढायचा नाही." ऑफिसनं तिच्या जागी टेप लावली. कुण्या परक्या बाईचा इस्त्री केलेला आवाज. साहेब खूश. टेप रजा मागत नाही, आजारी पडत नाही. बाईंचं लवकर जमलं नाही तर टेपच कायम, असं ते बोलूनही गेले. मेहुणी दुखणं लागल्यापासून आमच्याकडेच राहायला आली होती. ती दिवसभर खिडकीत बसायची, धुक्याकडे बघत ओठ हलवायची. बोटींची नावं, बिनआवाजाची. काडी गालात होतीच.

पुढच्या तपासणीला मी सोबत गेलो. डॉक्टरांनी दंडाला पट्टा बांधला, आकडा बघून उसासा टाकला. मग तिचं मन रमवायला म्हणाले, "माझं आजोळ नदीपलीकडे. शाळेत असताना तुमच्याच आवाजावर बोट पकडायचो. एकदा म्हणून दाखवा ना."

मेहुणीनं डोळे मिटले. श्वास घेतला. मी सवयीनं पिशवी उचलून उभा राहिलो. डॉक्टरही खुर्चीतून अर्धे उठले होते, तसेच अडकले. काडी गाल बदलत होती ना!

"तोंडात काय आहे?"

"काही नाही. ज्येष्ठमध."

"रोज असतं?"

"जागी असते तेवढा वेळ."

"अहो, मी दर वेळी विचारतो, आणखी काही घेता का!"

"ते घेणं नव्हे हो डॉक्टर, ते गालात असतं."

डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. मग समजावलं. ज्येष्ठमध रोज एवढं पोटात गेलं की शरीर मीठ नि पाणी धरून ठेवतं, पोटॅशियम घालवतं आणि दाब चढतो. गोळ्या दाब खाली ओढतायत, काडी वर. "गोळ्या आपल्या मनानं बंद करायच्या नाहीत. काडी मात्र आजपासून बंद." तिच्या पिशवीतली डबी त्यांनी आपल्या खणातच टाकली.

दाब काही लगेच उतरला नाही. आला तसाच गेला, रेंगाळत. पण एका सकाळी ती खिडकीतून वळून म्हणाली, "भावोजी, कानातली बोट सुटली."

त्या बोटीतून मधही गेला. आवाज असा घोगरा झाला, की जणू बिजागरीला तेल नसलेलं दार. डॉक्टरांनी जिना चढायची परवानगी दिली, तेव्हा साहेबांनी तोंड वाकडं केलं. "एक दिवस बघू. नाहीतर टेप आहेच."

त्या दिवशी मी धक्क्यावर जाऊन बसलो. धुकं इतकं दाट, की माझेच गुडघे मला दुसऱ्या कुणाचे वाटत होते. आदल्या आठवड्यात टेपनं लोकांची तारांबळ उडवली होती. ती श्वास घेत नसे, एकदम नावच अंगावर टाके, की पळापळ. आज सगळं गप्प होतं. पाणी खांबांना चुळुक चुळुक करत होतं. माझे डोळे मिटले.

'हऽऽ.'

सगळा धक्का उभा राहिला. कुणी घाई केली नाही, झोपेतून चालावं तशी माणसं बोटीकडे निघाली. वरून घोगऱ्या आवाजात नाव आलं तेव्हा निम्मे फळीवर होते. जिन्यापाशी साहेब उभे होते, हातातल्या फायली छातीशी धरून, जणू त्यांनाही पलीकडे जायचं होतं. टेप त्यांनी स्वतःच काढली.

संध्याकाळी मी विचारलं, "मेहुणीबाई, मध तर गेला. एवढा खरखरीत आवाज, आणि लोकांनी ओळखला कसा?"

ती पाण्याचा घोट घेऊन म्हणाली, "आवाज कुठे ऐकतात ते, भावोजी? मी श्वास घेते, ते पिशव्या उचलतात. पुढचं मी नदीला सांगत असते."