फोटो निघाला

"साहेब, आज फोटो निघाला," असं म्हणत अण्णा दारात उभे राहिले की समजायचं, रस्त्यावरच्या कॅमेऱ्याने त्यांना टिपलंय. टोपी काढून काखेत धरलेली, नजर माझ्या टेबलाच्या पायाकडे. ऐंशीच्या जागी ट्रेलर जरा जास्त पळाला, एवढाच गुन्हा. चेहरा मात्र असा, की बघणाऱ्याला वाटावं, हा माणूस कुणाला तरी उडवून आलाय.

शारजाच्या औद्योगिक भागात आमच्या ट्रान्सपोर्ट कंपनीचं ऑफिस आहे. गाड्यांची कागदपत्रं मी बघतो. सांगलीकडचे अण्णा रास अल खैमाहून सिमेंट आणायचे. एका ट्रेलरवर दोन ड्रायव्हर, पाळीपाळीने. असले किरकोळ दंड गाडीच्या नंबरावर येतात. चालवत कोण होतं हे कुणी बोललं नाही तर कंपनी दंड भरते आणि विषय संपतो. बोललं, तर तो त्या ड्रायव्हरच्या लायसन्सवर चढतो. आता तुम्हीच सांगा, शहाणा माणूस काय करेल? आमच्याकडे अण्णा सोडून बाकी सगळे शहाणे होते.

अण्णा दर वेळी मला वाहतूक खात्याच्या काउंटरवर ओढून न्यायचे. तिथला तरुण अधिकारी एकदा हसून म्हणाला, "हबीबी, छोटा फाइन है. खलास, घर जाओ." अण्णांनी लायसन्स काचेखालून पुढे सरकवलं. "लिखो साहब. गाडी मैं ही चला रहा था." माझा अर्धा दिवस वाया जायचा आणि मला त्यांचा मनापासून राग यायचा.

या हट्टाला कारण होतं. त्यांच्या खोलीतला एक ड्रायव्हर वडील गेले म्हणून गावी निघाला होता. जुनं, लपवलेलं काहीतरी प्रकरण निघालं आणि त्याला एअरपोर्टवरूनच परत पाठवलं. तिकडे वडिलांना दुसऱ्याच कुणीतरी अग्नी दिला. तेव्हापासून अण्णांचं ठरलेलं वाक्य, "लपवलेलं एअरपोर्टवर अडवतं, साहेब." ते प्रकरण वेगळं होतं, असल्या दंडासाठी कुणी अडवत नाही, हे मी कितीदा समजावलं. ते मान डोलवायचे आणि पुन्हा टोपी काखेत धरून हजर.

एकदा त्यांना घरी जेवायला बोलावलं होतं. भाकरी बघून खुलले. धाकट्या मुलीचं नर्सिंगचं शेवटचं वर्ष राहिलंय, ती नोकरीला लागली की आपण सुटलो, असं माझ्या बायकोला सांगत होते. मग फोटोचा विषय निघाला. इथेच वाढलेली माझी मुलगी म्हणाली, "बट अंकल, नोबडी आस्क्ड यू." मी अर्थ सांगितला. अण्णा हसले. "विचारल्यावर सांगायचं म्हणजे पकडल्यावर सांगणं झालं की, बाळ."

गेल्या वर्षी सिमेंटचं काम बंद पडलं. नवं मिळालं, पण त्या कंपनीची अट होती की ड्रायव्हरच्या लायसन्सवर एकही दंड नको. जो या अटीत बसत नाही त्याचा व्हिसा वाढणार नव्हता. सगळे बसले. अण्णांच्या जोडीचा ड्रायव्हरही बसला, ज्याच्या हातात ट्रेलर गेला की हमखास फोटो निघायचा.

मी मॅनेजरला सगळं सांगितलं. माणूस वाईट नव्हता, त्याने ऐकून घेतलं. मग स्क्रीन माझ्याकडे वळवून म्हणाला, "रेकॉर्ड में तो एक ही नाम है. उनको मैं क्या दिखाऊँ?"

अण्णांना मीच सांगितलं. निदान मुलीचं वर्ष पुरं होईपर्यंत काही होईल का, एवढंच त्यांनी विचारलं. नाही म्हणालो. मग म्हणाले, "म्हणजे सांगितलं नसतं तर राहिलो असतो?" मला हो म्हणवेना. त्यांना ते कळलं. टोपी डोक्यावर घालून ते बाहेर गेले.

एअरपोर्टवर सोडायला मी गेलो. भरलेल्या सगळ्या दंडांच्या पावत्या त्यांनी प्लास्टिकच्या पिशवीत घालून हातात धरल्या होत्या. बॅगेत ठेवा म्हटलं, तर म्हणाले, विचारतील तिथे.

मी पार्किंगमध्ये पोचलो तेवढ्यात त्यांचा फोन आला.

"साहेब, शिक्का मारला. कुणी काही विचारलंच नाही. मी जरा थांबलो होतो पिशवी पुढे करून, तर तो यल्ला यल्ला करत हातानेच पुढे जा म्हणाला." मग पिशवी गुंडाळल्याची चुरचुर ऐकू आली. "तुमची पोर म्हणत होती तेच खरं."